फुटबॉल क्लबची बोली आणि हॉटेलातले जेवण : निर्णय नेमका कुठे होतो?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला, तेव्हापासून इंग्लिश फुटबॉलकडे मी केवळ खेळ म्हणून पाहू शकलो नाही. आपल्या शहरातल्या एका घराण्याने लँकेशायरमधल्या एका गिरणगावाचा क्लब घ्यावा, पुढच्याच वर्षी तो संघ पुण्यात बालेवाडीला येऊन मैत्रीचा सामना खेळावा आणि त्याच हंगामाअखेर तो प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून, बाहेर पडावा, हा सगळा प्रवास मी बातम्यांमधून पाहिला. त्यामुळे क्लबच्या खरेदीविक्रीविषयी जे हाती लागेल ते वाचत आलो आहे.

माझा गोंधळ असा आहे. रशियन उद्योगपती रोमान अब्रामोविच यांनी २००३ मध्ये लंडनचा चेल्सी हा क्लब घेतला, तेव्हाच्या हकिकतींमध्ये लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलातल्या भेटीचा उल्लेख वारंवार येतो आणि क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष केन बेट्स यांच्याशी सौदा फार थोड्या वेळात ठरला असे सांगितले जाते. तोच क्लब २०२२ मध्ये विकायला निघाला, तेव्हा मात्र न्यूयॉर्कची बँक नेमली गेली, मुदती ठरल्या, बोलीदारांची यादी झाली, त्यातून निवडक नावे काढली गेली आणि सगळ्या गोष्टींना जवळजवळ तीन महिने लागले. शिवाय अशा प्रत्येक व्यवहाराच्या बातम्यांत अमुक बोलीदार तमुक हॉटेलात संचालकांसोबत दुपारच्या जेवणाला दिसले, असे वाक्य असतेच.

मग निर्णय नेमका कुठे होतो? सीलबंद बोलीत, की जेवणाच्या टेबलावर? जेवणावर सगळे ठरत असेल, तर बोलीचा एवढा खटाटोप कशासाठी? आणि बोलीवर ठरत असेल, तर कोट्यवधींची उलाढाल करणारी माणसे जेवायला का भेटतात? ज्यांनी अशा व्यवहारांचे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

ताळेबंद

कर्वेनगरकर, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. कंपन्यांच्या खरेदीविक्रीत हिशेब तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. क्लबांच्या व्यवहारात स्वतः नव्हतो, पण पद्धत तीच असते, म्हणून आधी ती सांगतो.

विकणारा एक गुंतवणूक बँक नेमतो. चेल्सीच्या वेळी ती रेन ग्रुप होती आणि मँचेस्टर युनायटेडच्या मालकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये हालचाल सुरू केली तेव्हाही तीच होती. ही बँक संभाव्य खरेदीदारांना क्लबची जुजबी माहिती देते, गोपनीयतेच्या करारावर सही घेते आणि मगच सविस्तर माहितीपुस्तिका हाती देते. त्यावरून पहिली बोली येते. ती बंधनकारक नसते. इतक्या मर्यादेत रक्कम देऊ शकू, पैसा अमुक ठिकाणाहून येईल, इतकेच तिच्यात असते. त्यातून तीनचार नावे निवडली जातात आणि फक्त त्यांना क्लबची कागदपत्रे पाहायला मिळतात : खेळाडूंचे करार, अन्य क्लबांना अजून द्यायचे असलेले हस्तांतरणाचे हप्ते, प्रक्षेपणाचे उत्पन्न, स्टेडियमच्या जागेचे हक्क, चालू असलेले खटले, कराची थकबाकी. आपण ज्याला क्लब म्हणतो तो या कागदांमध्ये असतो. मैदानावर झळाळणारा संघ कागदावर पुढच्या चार वर्षांच्या देण्यांचा डोंगरही असू शकतो. हे सगळे तपासून झाल्यावर अंतिम बोली येते, एकाला काही दिवस विक्रेत्याशी एकट्यानेच वाटाघाटी करण्याची मुभा मिळते, करारावर सह्या होतात आणि शेवटी लीगची मालक व संचालकांसाठीची चाचणी पार करावी लागते.

आता २००३ आणि २०२२ यांतला फरक. बेट्स यांनी चेल्सी १९८२ मध्ये एका पौंडाला घेतला होता. २००३ पर्यंत क्लबच्या मूळ कंपनीवर सुमारे ८ कोटी पौंडांचे कर्ज होते आणि त्यात ७.५ कोटी पौंडांच्या रोख्यांचा मोठा वाटा होता. स्टेडियमच्या आवारात हॉटेले आणि उपाहारगृहे बांधण्यात पैसा अडकला होता. देणी फेडण्याची वेळ जवळ येत होती. अशा वेळी समभागांसाठी सुमारे ६ कोटी पौंड देणारा आणि कर्जाचा भार उचलणारा एकच माणूस समोर उभा राहिला. स्पर्धा नव्हती, वेळ नव्हता आणि खरेदीदाराला किमतीत घासाघीस करण्याची गरज वाटत नव्हती. त्यामुळे बोलणी झटपट झाली यात आश्चर्य नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी : ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती. म्हणून बेट्स यांच्या होकारानंतरही उरलेल्या भागधारकांना रीतसर देकार द्यावाच लागला. हॉटेलात फक्त मुख्य विक्रेत्याचा होकार मिळाला.

२०२२ ची परिस्थिती अगदी वेगळी होती. रशियाने २४ फेब्रुवारीला युक्रेनवर आक्रमण केले, २ मार्चला अब्रामोविच यांनी विक्री जाहीर केली आणि १० मार्चला ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादले. त्या दिवसापासून क्लब सरकारच्या विशेष परवान्यावर चालला. नवी तिकिटे विकता येत नव्हती, खेळाडूंशी नवे करार करता येत नव्हते आणि तो परवाना ३१ मे रोजी संपणार होता. विक्रेत्याला एक पौंडही मिळता कामा नये, ही सरकारची अट होती. म्हणजे विकणारा, विक्री चालवणारी बँक, परवाना देणारे सरकार आणि चाचणी घेणारी लीग अशा चौघांचे समाधान होणे आवश्यक होते, आणि चौघांचे हेतू निरनिराळे होते. अशा व्यवहारात जेवणाच्या टेबलावर शब्द देण्याचा अधिकारच कोणा एकाकडे उरत नाही.

अखेर अमेरिकन गुंतवणूकदार टॉड बोएली आणि क्लिअरलेक कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी यांच्या गटाशी ७ मे रोजी करार जाहीर झाला आणि ३० मे रोजी, म्हणजे परवाना संपायच्या आदल्या दिवशी, व्यवहार पूर्ण झाला. समभागांसाठी २५० कोटी पौंड, तेही गोठवलेल्या खात्यात, आणि त्याशिवाय १७५ कोटी पौंडांच्या गुंतवणुकीचे वचन. क्लबकडून अब्रामोविच यांना येणे असलेले सुमारे १५० कोटी पौंडांचे कर्ज सोडून देण्यात आले. ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनीही एकूण ४२५ कोटी पौंडांचाच देकार दिला होता, पण तो २९ एप्रिलला आला. मुदत कधीच उलटून गेली होती आणि बाकीचे बोलीदार आठवडेच्या आठवडे तपासणीतून गेलेले होते.

आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे : खरेदीदार एकटा असेल आणि विक्रेत्याला घाई असेल, तर निर्णय टेबलावर होतो. बोलीदार अनेक असतील, तर टेबलावर फक्त हे ठरते की शेवटच्या फेरीत कोणाला येऊ द्यायचे.

---

पंगत

मी लंडनमध्ये हॉटेलच्या बँक्वेट विभागात काम करतो. कोणत्या हॉटेलात आणि कोणाच्या बैठका पाहिल्या हे सांगणे माझ्या व्यवसायाला शोभणार नाही, त्यामुळे ते विचारू नये ही विनंती. पण जेवण का घेतले जाते, यावर लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटते.

अशा जेवणाचे आरक्षण कधीच बोलीदाराच्या नावावर नसते. ते एखाद्या वकिली कार्यालयाच्या किंवा सचिवाच्या नावाने येते. खोली अशी मागतात, जिच्याकडे मुख्य दालनातून न जाता पोहोचता येईल. पदार्थ आधीच ठरवून घेतले जातात, कारण टेबलावर मेन्यू वाचत बसण्यात आणि वेटरला प्रश्न विचारण्यात वेळ जाऊ नये. पाहुण्यांपैकी कोण हलाल खातो, कोण मद्य घेत नाही, कोणाला कशाची बाधा होते, हे फंक्शन शीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या तपशिलाच्या कागदावर, दोन दिवस आधी लिहून येते. आखाती देशांतले किंवा आपल्याकडचे पाहुणे असतील, तर यजमानाने ही चौकशी स्वतः केली की नाही, याकडे पाहुण्यांचे बारीक लक्ष असते. समोरचा माणूस आपल्याला किती गंभीरपणे घेतो, हे त्यांना पहिल्याच ताटावरून कळते.

वाढण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात. पहिला पदार्थ लवकर द्यायचा, मुख्य पदार्थ आणि कॉफी यांच्या मध्ये मोठी मोकळीक ठेवायची आणि त्या मोकळ्या वेळात बोलावल्याशिवाय आत जायचे नाही. कामाचे बोलणे तेव्हा होते. त्याआधीचा तासभर मुलांची शिक्षणे, प्रवास, जुने सामने, कोणता खेळाडू कोणत्या वर्षी आला, यातच जातो. मी पूर्वी त्याला वेळ घालवणे समजत असे. आता माझे मत असे आहे की तोच तास सर्वांत मोलाचा असतो. पन्नास वर्षे घराण्यात असलेला क्लब विकणारा म्हातारा अध्यक्ष त्या तासात हे पाहत असतो की समोरच्याला जुन्या सामन्यांतले खरोखर काही ठाऊक आहे, की विमानात कोणीतरी त्याला चार नावे पाठ करून घ्यायला लावली आहेत. कागदपत्रांच्या तपासणीत ही गोष्ट कळण्याची सोय नाही.

आणि दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. कार्यालयात बैठक झाली की तिचा वृत्तान्त लिहिला जातो आणि बोललेला आकडा वकिलांच्या हाती पडतो. जेवताना आकडा नुसता सुचवता येतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचा अंदाज घेता येतो आणि तो पसंत पडला नाही तर दोघांनाही ते बोलणे मागे घेता येते. कोणाचीही पत जात नाही. आपल्याकडे लग्न ठरवताना देण्याघेण्याचे बोलणे दोन्हीकडचे वडीलधारे पान मांडल्यावरच का काढत असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

---

कर्वेनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. पंगत यांचे म्हणणे वाचून एक उपप्रश्न मनात आला. जेवणाच्या तासात विक्रेता जर माणूस पारखत असेल, तर ती पारख बरोबर ठरते का? ब्लॅकबर्नची विक्री जॅक वॉकर यांच्या न्यासाने केली होती. वॉकर यांनी पोलादाच्या व्यवसायातला पैसा ओतून त्या क्लबला १९९५ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते आणि त्यांच्या निधनानंतर न्यासाने योग्य वारसाचा शोध बराच काळ घेतला. तरीही २ कोटी ३० लाख पौंडांच्या त्या विक्रीनंतर काय घडले ते सर्वांसमोर आहे : महिन्याभरात संघाचे व्यवस्थापक सॅम अलार्डाइस यांना काढले, २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून घसरला आणि २०१७ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत गेला. मालकांनी तोटा भरून काढण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा घातला, हेही तितकेच खरे आहे आणि पुण्यात राहणारा माणूस म्हणून ते मी आवर्जून नोंदवतो. पण मग चुकले कोठे?

---

अॅनफिल्डचा वारकरी

कर्वेनगरकर, पारख चुकते. किती चुकते, हे लिव्हरपूलच्या समर्थकांइतके थोड्याच लोकांना माहीत असेल.

२००७ च्या सुरुवातीला आमच्या क्लबसाठी दोन बोलीदार होते. दुबई इंटरनॅशनल कॅपिटलने प्रत्येक समभागाला ४,५०० पौंड देऊ केले होते आणि त्यांची तपासणी जवळजवळ पूर्ण झाली होती. मग अमेरिकेचे जॉर्ज जिलेट आणि टॉम हिक्स यांनी ५,००० पौंड देऊ केले. संचालक मंडळाने निर्णयासाठी वेळ मागितला, दुबईचा गट चिडून निघून गेला आणि फेब्रुवारीत क्लब कर्जासह सुमारे २१ कोटी ८९ लाख पौंडांना अमेरिकनांकडे गेला. अध्यक्ष डेव्हिड मूर्स यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या लिव्हरपूलशी जोडलेले होते. क्लबविषयी त्यांचे प्रेम खोटे होते असे मी कधीच म्हणणार नाही. नवे मालक भेटींमध्ये सौजन्याने वागले, क्लबच्या परंपरेविषयी आदराने बोलले आणि खरेदीचे कर्ज क्लबच्या डोक्यावर टाकणार नाही असे सांगितले.

पुढे काय झाले ते असे. खरेदीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाचा भार क्लबवरच आला, स्टॅन्ली पार्कातल्या नव्या स्टेडियमचे बांधकाम कधीच उभे राहिले नाही आणि २०१० मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या कर्जाच्या परतफेडीची मुदत आली. बँकेच्या आग्रहाने मार्टिन ब्रॉटन अध्यक्ष झाले. त्यांनी न्यू इंग्लंड स्पोर्ट्स व्हेंचर्स या अमेरिकन कंपनीची ३० कोटी पौंडांची बोली स्वीकारली, तेव्हा मालकांनी ऐन वेळी दोन संचालक बदलण्याचा प्रयत्न केला. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात आणि मग डॅलसच्या न्यायालयातही गेले. १५ ऑक्टोबर २०१० रोजी विक्री पूर्ण झाली तेव्हा आम्ही कित्येक जण फुटबॉल सोडून न्यायालयाच्या कामकाजाच्या बातम्या मिनिटामिनिटाला वाचत होतो. मूर्स यांनी त्याच वर्षी मे महिन्यात वर्तमानपत्राला पत्र लिहून आपल्या निर्णयाबद्दल खेद व्यक्त केला होता आणि मालकांना बाजूला होण्याचे आवाहन केले होते. ते पत्र मी आजही विसरलेलो नाही, कारण त्यात एका सज्जन माणसाची फसगत दिसते.

म्हणून पंगत यांच्याशी मी थोडा असहमत आहे. जेवणाच्या तासात समोरच्याची रीतभात कळते, फार तर आवड कळते. पैसा कोणाचा आहे आणि त्याचे व्याज कोण भरणार आहे, हे कळत नाही. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, तोही मोठ्या प्रमाणात क्लबलाच तारण ठेवून. त्याआधी त्या क्लबवर कर्ज जवळजवळ नव्हते. आमच्या संचालकांच्या डोळ्यांदेखत हे उदाहरण घडले होते, त्याला दोन वर्षेही झाली नव्हती, आणि तरीही कर्ज क्लबवर न टाकण्याचे वचन मोडता न येणाऱ्या अटीच्या रूपात करारात घालून घेतले गेले नाही. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

ब्लॅकबर्नविषयी मला इतकेच वाटते की न्यासाने माणसे प्रामाणिक आहेत का हे पाहिले असेल, पैसा आहे का हेही पाहिले असेल, पण फुटबॉलचा निर्णय घेताना ही माणसे कोणाचा सल्ला ऐकणार, याची अट घालण्याचा विचार तेव्हा कोणी करत नव्हते. पुण्यात बसून लँकेशायरचा क्लब चालवायचा तर मधल्या माणसांवर विसंबावे लागणार, हे उघड होते.

---

ताळेबंद

वारकरी यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. २०२२ च्या चेल्सी विक्रीत हा धडा काही अंशी घेतला गेला होता. विजेत्या गटाकडून भविष्यातल्या गुंतवणुकीचे जे वचन घेतले, ते किमतीइतकेच वजनाचे मानले गेले, आणि ठरावीक वर्षे लाभांश न काढण्याच्या व हिस्सा न विकण्याच्या अटींवर बोलणी झाल्याचे त्या वेळी सर्वत्र छापून आले होते. स्टॅम्फर्ड ब्रिज या चेल्सीच्या मैदानाच्या जमिनीची आणि चेल्सी या नावाची मालकी चेल्सी पिच ओनर्स या समर्थकांच्या भागधारक संस्थेकडे आहे, त्यामुळे कोणताही बोलीदार आला तरी तिच्याशी बोलणे भाग होते. शिकागोच्या रिकेट्स कुटुंबाच्या बोलीला समर्थकांनी उघड विरोध केला आणि एप्रिलच्या मध्यावर ती बोली मागे घेतली गेली. मालक निवडण्याच्या प्रक्रियेत समर्थकांचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आल्याची उदाहरणे इंग्लंडमध्ये फार नाहीत.

जर्मनीत बहुतेक क्लबांत सदस्यांकडे मतांचे बहुमत राहिले पाहिजे असा नियम असल्याने हा प्रश्न तितका तीव्र होत नाही. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. मालकाची पात्रता आणि त्याच्या पैशाचा उगम तपासण्याचे काम आता केवळ लीगवर सोडलेले नाही. मला हे फार आधी व्हायला हवे होते असे वाटते.

---

मडगावकर

चर्चा इंग्लंडची आहे, तरी एक बाजू जोडतो. आमच्या गोव्यात धेंपो, साळगावकर यांसारखे क्लब उद्योगघराण्यांचे होते. त्यांच्यावर कधी बोली लागली नाही, आणि २०१६ मध्ये त्यांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले तेव्हाही विकत घेणारा कोणी शोधला गेला नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी ज्या बोली लागल्या, त्या संघ चालवण्याच्या हक्कासाठी होत्या. तिथे जुना क्लब नव्हता, मैदान नव्हते, समर्थकांची संस्था नव्हती. त्यामुळे कर्वेनगरकर यांच्या स्वतःच्या शहरातला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि ती जागा हैदराबादच्या संघाला मिळाली, तेव्हा पुण्यातल्या समर्थकांना दाद मागण्यासाठी दारच नव्हते. त्याच वर्षी मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला आणि तो संघ पुढे विजेता झाला. एकाच राज्यातल्या दोन संघांचे असे दोन टोकांचे भवितव्य बंद खोलीत ठरले. ब्लॅकबर्नच्या समर्थकांकडे निदान १८७५ पासूनचा क्लब आहे आणि त्याच्यासाठी ते मालकांविरुद्ध रस्त्यावर उतरू शकतात.

---

कर्वेनगरकर

मडगावकर, एफसी पुणे सिटी बंद झाला तेव्हा बालेवाडीच्या स्टँडमध्ये नेमाने बसणाऱ्या आम्हा लोकांना ती बातमी वर्तमानपत्रातूनच कळली होती.

वारकरी आणि ताळेबंद यांच्यामुळे माझा मूळ प्रश्न आता नीट मांडता येतो : टेबलावर दिलेल्या वचनांपैकी कोणती वचने करारात उतरवता येतात आणि ती मोडल्यास दाद कोण मागू शकते? विकणारा तर पैसे घेऊन निघून गेलेला असतो. ताळेबंद, चेल्सीच्या विक्रीतल्या अशा अटींची अंमलबजावणी करून घेण्याचा अधिकार कायद्याने कोणाकडे असू शकतो, यावर आपण वेळ मिळेल तेव्हा लिहावे, ही विनंती.

---

ताळेबंद

थोडक्यात सांगतो. साधारणपणे करारातली अट मोडली, तर दाद मागण्याचा हक्क करार करणाऱ्या पक्षालाच असतो. म्हणून शहाणा विक्रेता दोनपैकी एक मार्ग धरतो. एक म्हणजे क्लबचा छोटासा विशेष समभाग एखाद्या न्यासाकडे किंवा समर्थकांच्या संस्थेकडे ठेवायचा आणि मैदान, नाव, रंग यांविषयीच्या निर्णयांना त्या समभागाची संमती आवश्यक करायची. दुसरा म्हणजे वचनाची रक्कम आधीच वेगळ्या खात्यात भरून घ्यायची. पहिल्या मार्गाने मैदान आणि ओळख वाचते, दुसऱ्याने गुंतवणूक. कर्जाविषयीची अट मात्र या दोन्हींत बसवणे अवघड असते, कारण नवे कर्ज क्लबच्या नावाने न काढता वरच्या एखाद्या कंपनीच्या नावाने काढता येते. त्यासाठी नियामकच हवा.